जुन्या बुलेटची हेड स्टेडी सारखी तुटते? पट्टी सोडा, खालचे बोल्ट बघा

इंजिनाचं हेड फ्रेमला बांधून धरणारी टाकीखालची पट्टी, म्हणजे हेड स्टेडी, तुटते. वेल्डिंग होतं, महिना-दीड महिना गाडी बरी चालते आणि पट्टी पुन्हा त्याच जागी तुटते. मग कुणीतरी दुप्पट जाडीची पट्टी ठोकून देतो. ती तुटत नाही, पण तिच्याऐवजी हेडातले आटे निघून येतात, नाहीतर फ्रेमवरचा कान (बोल्ट जायला होल असलेला, पुढे आलेला भाग) तडकतो. जुन्या साडेतीनशे बुलेटवाल्यांना हे चक्र पाठ आहे. अंजनगावकडच्या एका संत्रावाल्या भाऊंनी तर गाडी गॅरेजात सोडताना सांगितलं होतं, "रेल्वेच्या रुळाची पट्टी लावा पाह्यजे तं, पन आता तुटाले नाही पाह्यजे." गाडी आजोबांची, इंग्लंडात रेडिचला बनलेली, पन्नासच्या दशकातली. पट्टी मी साधीच लावली, कारण दुखणं खाली होतं.

हेड स्टेडी तुटते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पापाने. इंजिन खालून धरून ठेवणारे बोल्ट काम सोडतात, इंजिन डुलायला लागतं, आणि ते डुलणं अडवायचा भार वरच्या त्या एका पट्टीवर येतो. पट्टी बदलत राहिलात तर पट्ट्याच बदलत राहाल.

आधी गाडीची ठेवण समजून घ्या

पुष्कळ मोटारसायकलींत इंजिनाखालून फ्रेमच्या नळ्या जातात आणि इंजिन त्यांच्यावर बसतं. बुलेटला तशा नळ्या नाहीत. पुढची उभी नळी क्रँककेससमोर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीसमोर, येऊन संपते. तिथून दोन प्लेटा इंजिनाला धरतात. मागे गिअरबॉक्स थेट क्रँककेसला बोल्टने जोडलेला आहे आणि त्या बाजूच्या प्लेटा फ्रेमला जातात. म्हणजे फ्रेमची पुढची आणि मागची बाजू खालून जोडणारा दुवा इंजिन हाच आहे. बोल्ट सैल झाले की नुसतं इंजिन हलत नाही, अख्खी फ्रेम वळवळते. खड्ड्यात मागचं चाक वेगळ्या वाटेने गेल्यासारखं वाटतं ते यामुळेच, आणि लोक उगाच स्विंग आर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश बदलत बसतात.

या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी, एकूण ३४६ सीसी. ४००० आरपीएमला क्रँक सेकंदाला सुमारे ६७ वेळा फिरतो आणि पिस्टन प्रत्येक फेरीत वर एकदा, खाली एकदा थांबून उलटा फिरतो. फ्लायव्हीलवरचं वजन या धक्क्याचा काही भागच मारू शकतं. पूर्ण मारायला गेलं तर उभा धक्का जातो आणि तेवढाच आडवा सुरू होतो. वर आरपीएम दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. म्हणून ताशी ५० च्या वेगाला शांत चालणारी गाडी ८० ला नट झाडते.

आता बोल्टाचं काम. पुष्कळांना वाटतं, बोल्ट होलात अडकून इंजिनाला धरतो. तसं नाही. बोल्ट प्लेट आणि कान एकमेकांवर इतक्या जोराने दाबतो की त्यांच्यातल्या घर्षणानेच इंजिन जागेवर राहतं. हा दाब गेला की प्लेट घासायला लागते, मग बोल्टाचा दांडा होलाच्या भिंतीवर आपटतो, होल लांबट होतं. लांबट होलात नवा बोल्ट कितीही आवळा, चार दिवसांनी परत सैल.

सैल बोल्ट कसा पकडायचा

हाताने पाना लावून "घट्ट आहे" म्हणू नका. आटे गंजून जाम झालेले असतील तर नट घट्ट लागतो आणि प्लेट मात्र हलत असते.

नीट उजेडात वायसरच्या कडेला बघा. तपकिरी-लाल, पिठासारखी बारीक भुकटी दिसते का? ऑइल झिरपत असेल तर ती गडद लाल लेप होऊन बसते. लोखंडावर लोखंड घासून झालेला हा गंज आहे. आपल्या भागातली माती काळी. त्यामुळे वऱ्हाडातल्या गाडीवर नटाभोवती लाल कडं दिसलं तर तो रस्त्याचा धुरळा नाही एवढं खात्रीने समजा. मुरमाड रस्त्याला राहणाऱ्यांनी मात्र आधी गाडी धुऊन, थोडी चालवून मग बघावं.

दुसरी परीक्षा ऑइलची. प्लेट आणि कान जिथे भिडतात त्या रेघेवर पातळ ऑइलचे दोन थेंब सोडा आणि न्यूट्रलमध्ये गाडी रेस करा. सांधा हलत असेल तर ऑइल आत-बाहेर होतं, बारीक बुडबुडे येतात. पक्का सांधा असेल तर ऑइल स्थिर राहतं. प्रत्येक बोल्टाशी हे करून बघा. साधारणपणे मागचे, गिअरबॉक्सजवळचे बोल्ट आधी सापडतात, कारण चेनची ओढ तिथेच येते आणि ते पुसायला कुणाचा हात जात नाही.

तुटलेली पट्टी फेकू नका. तिचा तुटलेला काठ वाचता येतो. काठाचा काही भाग काळपट-गंजका आणि गुळगुळीत, उरलेला दाणेदार आणि चकचकीत असेल, तर तडा बरेच दिवस आधी सुरू झाला होता आणि चकचकीत भाग शेवटच्या दिवशी गेला. गंजका भाग कुठल्या कडेपासून सुरू होतो ते पाहा. बहुतेक वेळा तो वाकवलेल्या कोपऱ्याच्या आतल्या बाजूला किंवा होलाच्या कडेला निघतो. पूर्ण काठ एकसारखा दाणेदार असेल तर पट्टी एका झटक्यात गेली आहे, आणि तुम्ही एखादा खड्डा विसरलेले आहात.

कानांना आणि प्लेटांना तडा आहे का बघायला जुनीच युक्ती चांगली. जागा साफ करा, रॉकेल किंवा डिझेल लावून अर्धा तास ठेवा, फडक्याने कोरडी पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल खडूवर ओली रेघ काढतं. क्रँककेसच्या ॲल्युमिनियमच्या कानावर अशी रेघ आली तर गाडी तिथेच थांबवा. तो कान तुटून पडला तर खर्च भलताच वाढतो. ऑइल मुरलेल्या ॲल्युमिनियमवर टिग वेल्डिंग नीट बसायला केस उघडून, धुऊन, तापवून घ्यावी लागते, आणि ते काम गावातल्या वेल्डिंगवाल्याचं नव्हे.

एक सूचना. थरथर नवा पिस्टन टाकल्यापासूनच सुरू झाली असेल तर माउंटिंगला दोष देण्याआधी तिकडे बघा. ओव्हरसाइज पिस्टन मूळच्यापेक्षा जड असेल तर क्रँकचा तोल बिघडतो. टायमिंग फार ॲडव्हान्स असेल, म्हणजे ठिणगी फार लवकर पडत असेल, तरीही गाडी ठोकरते. हे दोन्ही निस्तरले नाहीत तर पुढचं सगळं काम पाण्यात.

पावडर कोटिंगचं नवं दुखणं

हल्ली जीर्णोद्धाराची हौस वाढली आहे. फ्रेम, प्लेटा सगळ्यावर पावडर कोटिंग होतं आणि गाडी नव्यासारखी दिसते. पण काही शे किलोमीटरमध्ये बोल्ट सैल. मालक म्हणतो, सगळं तर नवं केलं! कारण सोपं आहे. पावडरचा एक थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा. एका बोल्टाखाली वायसरपासून पलीकडच्या नटापर्यंत असे चार-सहा थर येतात, म्हणजे पाव ते अर्धा मिलिमीटर प्लॅस्टिक. दहा सेंटिमीटर लांब बोल्ट चांगला आवळला तरी तो मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकाच ताणतो, आणि त्या ताणावरच सगळा दाब उभा असतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि खाली तापलेलं इंजिन. थर मऊ होऊन चेपला की ताण संपला.

म्हणून जिथे प्लेट कानाला भिडते आणि जिथे वायसर बसतो, तिथला रंग आणि कोटिंग पूर्ण काढून टाका. उघड्या धातूला धातू लागला पाहिजे. गंजाची भीती वाटत असेल तर जोडताना ग्रीसचा नुसता हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसून घ्या, आणि आवळून झाल्यावर बाहेरच्या कडेने रंग मारा. कोटिंगवाल्याकडे माल देतानाच या जागांवर टेप लावून द्या. नंतर खरवडायला दुपार जाते.

आटे आणि पाने

या गाड्यांवर इंग्रजी मापांचा गोतावळा आहे. सायकल थ्रेडचे २६ आटे एका इंचाला, बीएसएफच्या (ब्रिटिश बारीक आट्याच्या) ३/८ ला २०, आणि मध्येच कुणीतरी कोंबलेला मेट्रिक बोल्ट. ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिमी. एम १० चा, म्हणजे मेट्रिक १० मिमीचा, नट त्याच्यावर चढल्यासारखा वाटतो, दोन-तीन आट्यांवर लोंबतो आणि घाटात सोडून देतो. आटे मोजायचं गेज शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. ते नसेल तर निदान ओळखीचा बोल्ट शेजारी धरून आट्यात आटा बसतो का पाहा.

पान्यांचंही तसंच. ३/८ बीएसएफ बोल्टाच्या डोक्याची रुंदी ०.६०० इंच, म्हणजे १५.२४ मिमी. पंधराचा पाना जात नाही, सोळाचा सैल बसतो आणि कोपरे गोल करतो. लागतो तो ५/१६ व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचा. ५/१६ बीएसएफला १/४ व्हिटवर्थ, म्हणजे १३.३४ मिमी. तेरा जात नाही, चौदा घसरतो. जुन्या बाजारात हे पाने भंगाराच्या भावात पडलेले असतात. दिसले की उचला. कोपरे गोल झालेला नट कुणीच नीट आवळू शकत नाही, आणि निम्म्या गाड्यांचं दुखणं तिथूनच सुरू होतं.

चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट टाकायचा मोह आवरा. नेहमी मिळणारा ए२-७० स्टेनलेस ४५० मेगापास्कलला कायमचा ताणायला लागतो, तर ८.८ ग्रेडचं साधं पोलाद ६४० पर्यंत टिकतं. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस नट आवळताना आटे एकमेकांत चिकटून बसतात. टूलबॉक्सचं झाकण, मडगार्ड इथे खुशाल लावा. इंजिनाला नको.

होल लांबट झालं असेल तर

इथे खरी सुधारणा होते, आणि इथेच लोक कंटाळा करतात.

प्लेटेचं होल लांबट झालं असेल तर दोन वाटा. प्लेट नवी करा, किंवा होल रीमरने (होल नेमक्या मापाला तासायच्या हत्याराने) १० मिमी पूर्ण गोल करून त्यात नेमका बसणारा बोल्ट घाला. ड्रिलने मोठं करू नका. लांबट होलात ड्रिल त्याच वाकड्या बाजूला पळतो. दोन्ही प्लेटा आणि कान जागेवर जुळवून, हाताने फिरवायचा रीमर ऑइल लावून हळूहळू एकाच दमात आरपार न्यावा, म्हणजे तिन्ही होलं एका रेषेत येतात. बोल्ट असा निवडा की प्लेटेच्या होलात आटे नसलेला गुळगुळीत दांडा यावा. टोकापासून डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्ट प्लेटेत कानशीसारखा चालतो आणि होल परत खातो. लांब स्टड बाजारात जुळत नाहीत. ते लेथवाल्याकडून ईएन२४ या मजबूत मिश्र पोलादाच्या बारमधून करून घ्या, साध्या माइल्ड स्टीलच्या सळईतून नव्हे. टर्नरला सांगा, दांडा आणि आटे जिथे मिळतात तिथे धारदार खाच नको, गोलाई ठेव. तडा त्या खाचेतूनच जातो.

कानाचं होल गेलं असेल तर काम मोठं आहे. इंजिन उतरवून, मिलिंगवर केस सरळ बांधून, कानात मांस पुरेसं असेल तरच पोलादी बुश बसवता येतो. हे अमरावती-नागपूरकडे चांगल्या मशीन शॉपमध्ये करा. रस्त्याकडेच्या ड्रिलवर केलेलं वाकडं होल आयुष्यभर छळतं.

नव्या प्लेटा करायच्या असतील तर जुनीची जाडी व्हर्नियरने मोजून तेवढ्याच जाडीच्या घ्या. हिंगण्याच्या एमआयडीसीत लेझरवर कापून घेता येतात. होलं मात्र लेझरला अर्धा मिलिमीटर लहान ठेवायला सांगा आणि रीमरने पूर्ण करा.

बसवायची रीत

सगळे बोल्ट एकदम काढू नका. बुलेटची फ्रेम खालून उघडी असल्यामुळे इंजिन सुटलं की दोन्ही भाग आपापल्या दिशेने सरकतात आणि होलं जुळवायला पहार घ्यावी लागते. एक काढा, साफ करा, घाला, मग दुसरा. इंजिनाखाली जॅक लावायचा तर मध्ये लाकडी फळी ठेवा आणि ड्रेनच्या नटांवर वजन येऊ देऊ नका.

सगळे बोल्ट हातानेच लावून झाल्यावर, काही आवळायच्या आधी, प्लेट आणि कान यांच्यात फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) फिरवा. ०.२ मिमीची पात आत जात असेल तर तिथे तेवढ्या जाडीचा शिम, म्हणजे फट भरायचा पत्र्याचा तुकडा, घाला. बोल्टच्या जोरावर फट मिटवायला गेलात तर बोल्टचा दाब कान वाकवण्यात खर्च होतो, आणि ॲल्युमिनियमचा वाकवलेला कान आज ना उद्या तडकतो. माझ्या मते या सगळ्या कामात कळीची गोष्ट ही फटच. कुणी मोजत नाही.

आवळताना आधी मागचे, मग पुढचे, सगळे थोडे थोडे. हेड स्टेडी सगळ्यात शेवटी. ती आपसूक जागेवर बसली पाहिजे. होल जुळत नाही म्हणून स्क्रूड्रायव्हर घालून ओढावी लागत असेल तर पट्टीचं होल लांब करा किंवा खाली शिम घाला. ताण देऊन बसवलेली पट्टी गाडी सुरू व्हायच्या आधीच अर्धी थकलेली असते. त्यात गरम झाल्यावर बॅरल आणि हेड थोडं उंच होतं, तो ताण वेगळाच.

पट्टीच्या जाडीचा मोह पुन्हा सांगतो, टाळा. मूळ जाडीचीच ठेवा, फक्त वाकवताना कोपरा काटकोनात न मोडता गोलाईने वळवा, होलाच्या कडा कानशीने मोडा आणि हॅकसॉच्या रेघा घासून काढा. खाली काही सैल पडलं तर आधी पट्टी तुटावी हेच बरं. ती पन्नास रुपयांत होते, हेड होत नाही.

खालच्या बोल्टांना नायलॉनचे लॉकनट चालतात. त्यातलं नायलॉन साधारण १२० अंशांपर्यंत टिकतं, म्हणून हेडाजवळ ते लावू नका, तिथे पूर्ण धातूचा लॉकनट हवा. शेवटी प्रत्येक नटापासून प्लेटेपर्यंत नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढा. पुढे नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावायची गरजच नाही.

गाडी एकदा पूर्ण तापवून रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी थंड असतानाच परत आवळा. मग शंभरेक किलोमीटरनंतर एकदा. आमच्याकडे परतवाड्याहून धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याच्या घाटाला गाडी नेतात. तिसऱ्या गिअरला लोड घेऊन चढताना मागच्या बोल्टांची परीक्षा होते. वर पोहोचून रेघा पाहा.

रबर घालू का?

हा प्रश्न दर वेळी येतो. टायरचे तुकडे प्लेटेमध्ये घालून थरथर मारायची युक्ती काही मिस्त्री हौसेने करतात आणि नॉर्टन कमांडोचं उदाहरण देतात. कमांडो १९६७ साली आली, तिच्यात इंजिन रबरावर आहे हे खरं. पण तिथे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा स्विंग आर्म हे तिन्ही एका चौकटीत बांधून ती चौकट रबरावर टांगली आहे, म्हणून चेनची रेषा बिघडत नाही. शिवाय बाजूची हालचाल शिम घालून १० थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे पाव मिलिमीटरच्या फटीत अडवलेली आहे. बुलेटचा स्विंग आर्म फ्रेमवर आहे. इथे रबर घातलं की चेन ओढताना इंजिन मागे-तिरकं सरकतं, स्प्रॉकेट झिजतात, आणि फ्रेमचा खालचा दुवाच मऊ होतो. थरथर कमी होईल, गाडी वळणात मात्र ऐकणार नाही. थरथर हाताला फार लागत असेल तर हँडलच्या ग्रिप बदला, मागच्या हबमधली कुश रबरं (चेनचे झटके झेलणारी) बघा.

बीएसए, मॅचलेसवाल्यांसाठी

महायुद्धात लष्करासाठी बनलेल्या बीएसए एम २० किंवा मॅचलेस जी ३ एल कुणाकडे असेल तर वरचं बहुतेक सगळं लागू आहे, एक फरक सोडून. त्यांचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असतो आणि प्लेटांमध्ये सरकवून प्रायमरी चेनचा (इंजिनापासून गिअरबॉक्सला जाणाऱ्या चेनचा) ताण ठरतो. म्हणून प्लेटांचे बोल्ट आवळून झाल्यावर प्रायमरी चेन चार ठिकाणी फिरवून ढील तपासा, सगळ्यात घट्ट जागी जेवढी ढील असेल तीच खरी धरा, आणि मग मागच्या चेनचा ताण नव्याने बसवा. गिअरबॉक्स हलला की तो बदलतोच.